न्यूअर्कचा कॉफी पॅलेस : दारू सुटावी म्हणून बांधलेलं हॉटेल

सावली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. आम्ही नॉटिंगहॅमला राहतो. इथून लिंकनच्या गाडीने अर्ध्या तासावर न्यूअर्क-ऑन-ट्रेंट म्हणून जुनं बाजाराचं गाव आहे. पहिल्यांदा गेले ती शनिवारच्या बाजारासाठीच, भाजी आणि चीज घ्यायला. कॅसल स्टेशनला उतरायचं, ट्रेंट नदीवरचा पूल ओलांडायचा की एका बाजूला पडक्या किल्ल्याची नदीतून वर आल्यासारखी भिंत दिसते (याच किल्ल्यात १२१६ साली जॉन राजा वारला), आणि रस्त्यापलीकडे एक लांबरुंद इमारत. खाली विटा, वर लाकडी चौकटी, उतरतं कौलारू छप्पर, त्यातून वर आलेले त्रिकोणी माथे आणि चांगली उंच उंच विटांची धुराडी. पाऊस पडत होता, कौलं भिजून गडद लाल झाली होती. मी छत्री धरून किल्ल्याच्या कठड्यापाशी उभीच राहिले. मला वाटलं किल्ल्याइतकी नाही तरी तीन-चारशे वर्षांची सराई असणार ही, घोडागाड्या थांबत असतील, रात्री प्रवासी उतरत असतील.

यातलं घोडे आणि प्रवासी हे बरोबर निघालं, वय मात्र पार चुकलं. इमारत १८८२ ची आहे. म्हणजे मुंबईत व्हीटी स्टेशनचं बांधकाम चालू होतं त्याच काळातली. आणि नाव काय तर ऑसिंग्टन कॉफी पॅलेस. तिथे दारूचा थेंब मिळणार नाही, कॉफी चहा जेवण मिळेल, राहायला खोली मिळेल, घोड्याला तबेला मिळेल. दारू सुटावी म्हणून बांधलेलं हॉटेल होतं ते.

बांधलं कुणी तर शार्लट, व्हायकाउंटेस ऑसिंग्टन या बाईंनी. पोर्टलंडच्या चौथ्या ड्यूकची मुलगी, जन्म १८०६. नवरा एव्हलिन डेनिसन, १८५७ ते १८७२ हाऊस ऑफ कॉमन्सचा स्पीकर होता, १८७३ मधे गेला. मूलबाळ नाही. भाऊ म्हणजे वेलबेकचा तो प्रसिद्ध पाचवा ड्यूक, ज्याने आयुष्यभर लोकांची नजर टाळली आणि आपल्या इस्टेटीत जमिनीखाली बोगदे आणि मोठमोठी दालनं खणून घेतली. तो १८७९ मधे अविवाहित गेला आणि लंडनच्या मॅरिलबोन भागातली मोठी मालमत्ता या बहिणींकडे आली. म्हणजे बघा, पंच्याहत्तरी गाठलेली विधवा बाई, हातात पैसा आलाय, आणि तिने काय करावं तर जवळच्या बाजाराच्या गावात शेतकऱ्यांसाठी, गुराख्यांसाठी, मजुरांसाठी एक हॉटेल बांधावं. दर्शनी बाजूला मजकूर कोरलेला आहे, त्याचा अर्थ असा की हे शार्लटने बांधलं आणि न्यूअर्क आणि आसपासच्या भागात दारूविरोधी काम पुढे जावं म्हणून कायमचं विश्वस्तांच्या हाती दिलं.

आता न्यूअर्कच का, तर गावाचा धंदाच बिअरचा. आसपास बार्ली पिकते, ती भिजवून मोड आणून माल्ट करायचं, नदीने-रेल्वेने पाठवायचं नाहीतर गावातच बिअर गाळायची. होल्स आणि वॉरिक्स या मोठ्या ब्रुअऱ्या, माल्टचे कितीतरी कारखाने. त्यांच्या काही इमारती अजून उभ्या आहेत. आणि ही जागा कुठली निवडली तर तिचं नावच बीस्टमार्केट हिल, म्हणजे गुरांच्या बाजाराची टेकडी. लंडनहून उत्तरेला जाणारा ग्रेट नॉर्थ रोड इथूनच पुलावर उतरायचा. बाजाराच्या दिवशी पहाटे गुरं हाकत आलेला माणूस थंडीने गारठलेला असणार, सौदा होईतो दुपार, मग हातात रोख पैसे, आणि ऊब मिळायची जागा एकच, पब. बाईंनी बरोबर त्या वाटेत आपलं हॉटेल उभं केलं.

मला जे सांगायचंय ते हे की ही इमारत म्हणजे नुसता उपदेश नाही. उपदेशच करायचा असता तर चार भिंतींचा हॉल बांधून पत्रकं वाटली असती, तशा जागा तेव्हा खूप होत्या. बाईंनी लंडनचे नावाजलेले आर्किटेक्ट आणले, अर्नेस्ट जॉर्ज आणि हॅरल्ड पीटो, आणि गावातल्या कुठल्याही पबपेक्षा देखणी, उबदार, ओळखीची वाटेल अशी जागा करून घेतली. खाली कॉफीची मोठी खोली, शिवाय सभागृह, वाचनाची खोली, लायब्ररी, बिलियर्ड्स, राहायच्या खोल्या, मागे ४० घोड्यांचा तबेला आणि चहाची बाग. वाचता न येणाऱ्या माणसालाही बाहेरून बघितल्यावर कळलं पाहिजे की इथे आत गेलं की शेकोटी आहे आणि कुणी हाकलणार नाही. धुराडी एवढी उंच आणि ठळक का ठेवली हे मला त्या पावसात उभं राहिल्यावर कळलं. लांबून, पुलावरून, पहिली तीच दिसतात. धुराडं म्हणजे आत विस्तव आहे हे सांगणारी पाटीच की.

पहिल्या मजल्याच्या खिडक्याही बघण्यासारख्या आहेत. भिंतीच्या सपाटीत नाहीत, पुढे आलेल्या आहेत, आपल्या वाड्याच्या सज्जासारख्या पण काचांनी बंद केलेल्या. इथे त्यांना ओरियल म्हणतात. बारीक बारीक काचांची जाळी, आणि प्रत्येक खिडकी तिन्ही बाजूंनी उजेड घेते. आत बसलेल्या माणसाला रस्ता डावीकडे-उजवीकडे लांबवर दिसत असणार, कोण आलं कोण गेलं, कुणाची गाय किती भरात आहे. पबमधे बाहेरचं दिसू नये म्हणून खालच्या काचा धुरकट करायची तेव्हाची पद्धत, आणि इथे बरोबर उलटं, सगळं उघड.

फोटो नंतर टाकते, फोनमधून काढायचेत. कुणाला अजून माहिती असेल तर नक्की लिहा. आर्किटेक्ट मंडळी कुठायत?

केतकी_पुणे

काय सुंदर लिहिलंयस सावली. धुराडं म्हणजे पाटी हे वाचून एकदम चित्र उभं राहिलं. फोटोंची वाट बघतेय.

तुळई

हाक मारलीच आहे तर हजर. मी कन्झर्वेशनमधे काम करतो, पुण्यात, आणि अर्नेस्ट जॉर्ज हे नाव धाग्यावर बघून फार आनंद झाला कारण आपल्याकडे या माणसाबद्दल कुणी बोलत नाही.

आधी लाकडाचं. याला हाफ-टिंबर म्हणतात. खरी जुनी पद्धत अशी की आधी ओकच्या जाड तुळयांचा सांगाडा उभा करायचा, सांधे खाचा-कुसू घालून, लाकडी खुंट्या ठोकून, आणि मग मधल्या चौकटी भरायच्या, कधी काटक्यांचा कूड विणून वर माती-चुना लिंपून, कधी विटांनी. आपल्या वाड्यांचंही तत्त्व तेच आहे, भार लाकडी खांब-तुळयांवर आणि मधे विटा. फरक एवढाच की आपण बहुतेक वेळा सांगाडा गिलाव्याखाली झाकतो आणि नक्षी खांबांवर-तीरांवर करतो, ते सांगाडाच दर्शनी ठेवतात. १८७० नंतर इंग्लंडमधे नॉर्मन शॉ वगैरे मंडळींनी हा सगळा जुना गावठी इंग्लिश साज परत आणला. आधीची पिढी गॉथिक चर्चच्या मागे होती, हे लोक शेतघरं, सराया, गिरण्यांची स्केचेस करत हिंडायचे. अर्नेस्ट जॉर्ज तर वॉटरकलर आणि एचिंगमधे पट्टीचा, हॉलंड बेल्जियम जर्मनीची जुनी शहरं चितारत फिरायचा. लंडनला साउथ केन्सिंग्टनमधे हॅरिंग्टन गार्डन्सला त्याची घरं आहेत, तिथे फ्लेमिश पद्धतीचे पायऱ्यापायऱ्यांचे माथे बघायला मिळतील. हॅरल्ड पीटो म्हणजे मॉर्टन पीटो या रेल्वे कंत्राटदाराचा मुलगा, पुढे बागा आखण्यासाठी जास्त प्रसिद्ध झाला.

आता आपल्याशी असलेला धागा. जॉर्ज आणि पीटोच्या ऑफिसला आर्किटेक्ट ऑफिसांतलं ईटन (इंग्लंडमधली ती नामांकित शाळा) म्हणायचे, इतकी तिथे शिकून नावारूपाला आलेल्यांची संख्या होती. हर्बर्ट बेकर तिथे होता, आणि १८८७ मधे अठरा वर्षांचा एडविन लुटेन्स तिथे आला. दोघांची ओळख तिथली. पुढे नवी दिल्ली या दोघांनी वाटून घेतली, राष्ट्रपती भवन लुटेन्सचं, नॉर्थ ब्लॉक साउथ ब्लॉक बेकरचे, आणि रायसीना टेकडीच्या चढावरून दोघांचं जे बिनसलं ते सगळ्यांना माहीतच आहे. न्यूअर्कची ही इमारत ज्या टेबलांवर काढली गेली त्याच ऑफिसात पाच वर्षांनी दिल्लीचे दोन आर्किटेक्ट शेजारी बसून ड्रॉइंग करत होते. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि सावली, कौलांखाली किंवा खिडक्यांच्या खाली-वर गिलाव्यात काही उठावाचं काम दिसलं का? त्याला पार्जेटिंग म्हणतात. ओल्या गिलाव्यात हाताने किंवा साच्याने वेलबुट्टी उठवायची. पूर्व इंग्लंडची खासियत. फोटो टाकशील तेव्हा तेवढा भाग जवळून घे प्लीज.

बोरू

माहिती छान आहे, वाद नाही, पण मला एक प्रश्न पडतो आणि तो मी मनापासून विचारतोय. १८८२ मधे बांधलेली इमारत १६०० सालची वाटावी असं बांधणं हे खोटं नाही का? रेल्वे आली होती, लोखंड होतं, मोठ्या काचा मिळत होत्या. लिव्हरपूलला त्याच्या आधी जवळपास वीस वर्षं लोखंड-काचेच्या दर्शनी भिंतीचं ऑफिस उभं राहिलं होतं. मग एवढे पैसे असताना जुन्याचं सोंग कशाला? मी नाशिकला आणि इतर ठिकाणी ही 'वाडा थीम' रेस्टॉरंटं बघतो, प्लायवूडचे खांब, वर तपकिरी पॉलिश, पितळी घंगाळ टांगलेलं, आणि जीव गुदमरतो. तेच इथे झालं असं का म्हणू नये?

केतकी_पुणे

बोरूंचा प्रश्न रास्त आहे. पण प्लायवूड आणि हे एकच कसं? उत्तर ऐकायला आवडेल.

सावली

बोरू, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस डोक्यात होता, म्हणून काल परत न्यूअर्कला जाऊन आले, मुद्दाम दोन इमारती एकामागोमाग बघायला.

त्या गावात खरी जुनी सराई पण आहे. मार्केट प्लेसच्या एका कोपऱ्यात ओल्ड व्हाइट हार्ट. पंधराव्या शतकातली. तिचा दर्शनी भाग बघाल तर वरच्या मजल्यांवर उभ्या लाकडांच्या रांगा, आणि त्या लाकडांवर गिलाव्याच्या छोट्या छोट्या मूर्ती, संतांच्या, प्रत्येक मूर्तीवर मखरासारखं छत्र. वीतभर-दीडवीतभर असतील खालून बघताना. त्याच मूर्ती परत परत येतात, म्हणजे साचा केला असणार आणि ओळीने लावल्या असणार. रंगवलेल्या आहेत. तिथे आता बिल्डिंग सोसायटीचं ऑफिस आहे, आपल्याकडे पतसंस्था म्हणू तसं काहीसं. शेजारच्या स्टॉडमन स्ट्रीटवर गव्हर्नर्स हाऊस, तेही सोळाव्या शतकातलं लाकडी चौकटीचं. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात गावाला तीन वेढे पडले तेव्हा गावाचा गव्हर्नर तिथे राहायचा.

हे सगळं बघून मग चालत बीस्टमार्केट हिलला आले, पाच-सहा मिनिटांची वाट. आणि मला फरक स्पष्ट दिसला. व्हाइट हार्टचा मजला रस्त्यावर झुकलेला आहे, लाकूड मुरडलंय, दोन उभ्या खांबांतलं अंतर सगळीकडे सारखं नाही. ऑसिंग्टन सरळ आहे. मोठी आहे, लांब आहे, खिडक्यांच्या ओळी मापात आहेत, एवढी सलग मोठी जागा आत मोकळी ठेवायची असल्याने छप्पर मोठं आहे. कुणाला फसवायचं असतं तर त्यांनी ती वाकडी बांधली असती. तसं काहीच नाही. उलट १८८२ हे वर्ष आणि बाईंचं नाव दर्शनी बाजूलाच आहे. स्वतःचं वय स्वतःच सांगणाऱ्या इमारतीला सोंग म्हणायला माझं मन घेत नाही.

आणि दुसरं, लोखंड आणि काच वापरून झगझगीत काही बांधलं असतं तर तो गुराखी आत आला असता का? त्या काळचे मोठे पब, ज्यांना जिन पॅलेस म्हणायचे, ते झगझगीतच असायचे, मोठे आरसे, कोरलेल्या काचा, गॅसचे दिवे. बाईंनी पॅलेस हा शब्द तेवढा उचलला आणि रूप मात्र गावातल्या जुन्या सराईचं घेतलं. गावातल्या माणसाला ते रूप पाठ होतं, आज्या-पणज्याच्या वेळेपासून बाजाराच्या दिवशी अशाच दारातून आत शिरायची सवय. दार तेच ठेवलं, फक्त पेल्यातलं बदललं. मला तर हा त्या इमारतीतला सगळ्यात हुशार भाग वाटतो.

प्लायवूडच्या खांबांचं म्हणाल तर माझाही जीव गुदमरतो. पण तिथे खांब काही करत नाही, नुसता उभा असतो. इथे प्रत्येक गोष्ट काहीतरी करते. पुढे आलेली खिडकी उजेड आणते आणि बसायला कोनाडा देते, धुराडं विस्तव सांगतं, उतरतं छप्पर पाऊस टाकतं.

तुळई, उठावाचं काम आहे, पण काल उजेड फार वाईट होता, चार वाजता अंधार. उन्हाच्या दिवशी जाईन तेव्हा झूम करून काढते.

तुळई

सावली, हे छान मांडलंस. मी एवढंच जोडतो की जॉर्जसारख्या लोकांनी हे काम चित्र बघून केलं नव्हतं, त्यांनी जुन्या इमारती मोजल्या होत्या, सांधे उलगडून बघितले होते, आणि त्यासाठी सुतार आणि गवंडी हाताशी तयार केले होते. म्हणूनच ही इमारत आज ग्रेड टू-स्टार यादीत आहे. इंग्लंडमधे तीन पायऱ्या असतात, ग्रेड वन, टू-स्टार आणि टू, आणि बहुसंख्य इमारती टूमधेच असतात. टू-स्टार म्हणजे विशेष महत्त्वाची. एकदा यादीत गेली की बाहेरची कौलंच काय, आतली एखादी जुनी भिंत हलवायलाही परवानगी लागते. पुण्यात वाडे ज्या वेगाने गेले ते बघता मला या पद्धतीचा हेवा वाटतो, खरंच.

यारातीर

मेलबर्नहून लिहितोय. कॉफी पॅलेस शब्द बघून राहवलं नाही! इथे १८८० च्या दशकात हे वेड केवढ्यावर गेलं होतं. पार्लमेंटसमोरचं ग्रँड हॉटेल जेम्स मन्रो या दारूविरोधी पुढाऱ्याच्या कंपनीने १८८६ मधे घेतलं आणि त्याचं ग्रँड कॉफी पॅलेस केलं. १८९७ मधे परत दारूचं लायसन्स आलं आणि पुढे त्याचं नाव विंडसर झालं, तेच आजचं विंडसर हॉटेल, आम्ही एकदा तिथे दुपारचा चहा घेतलाय. दुसरं फेडरल कॉफी पॅलेस, १८८८ मधे उघडलं, घुमटबिमट, अवाढव्य काम होतं, ते १९७० च्या दशकात पाडलं. तिथून जाताना जुन्या फोटोत जे दिसतं त्याचा मागमूसही नाही.

पण आमच्याकडचे हे पॅलेस बघितले तर खरोखर महालच, खांब, मनोरे, घुमट. न्यूअर्कचं त्याच्या शेजारी ठेवलं तर एकदम घरगुती. तिकडे कुणीतरी माणसाच्या मापाचा विचार केला असं वाटलं. तुमच्या धाग्यामुळे कळलं की मूळ इंग्लंडमधलं हे किती वेगळं होतं.

चकली

वाचतेय, फार छान चाललाय धागा. पण मग पुढे काय झालं? चाललं का ते? सावली तू ते सांगितलंच नाहीस.

सावली

चकली, बाईंना हवं होतं तसं नाही चाललं. लिहायचं टाळत होते कारण मला वाईट वाटतं.

बाई १८८९ मधे गेल्या, म्हणजे सात वर्षांनी. दारूशिवाय एवढी मोठी जागा चालवणं कठीणच होतं, नुसत्या कॉफीवर एवढ्या खोल्या, एवढे विस्तव, एवढा तबेला पोसायचा म्हणजे गावाने रोज यायला हवं. आणि सौदा पक्का झाला की दोघांनी मिळून पेला उचलायचा ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. कॉफीने ती मोडली नाही. पुढे ते साधं हॉटेल म्हणून चाललं. दुसऱ्या महायुद्धात इमारत हवाई दलाकडे गेली, या भागात विमानतळ खूप होते. न्यूअर्कच्या दफनभूमीत पोलिश वैमानिकांच्या कबरींच्या रांगा आहेत आणि त्यांचा सेनापती सिकोर्स्की १९४३ पासून १९९३ पर्यंत तिथेच होता, मग पोलंडला नेला. युद्धानंतर इमारतीत ऑफिसं आली. अलीकडच्या काळात वर फ्लॅट झाले आणि खाली इटालियन रेस्टॉरंट होतं.

ऑसिंग्टन गावातला त्यांचा स्वतःचा हॉल तर पाडूनच टाकला, तिथे चर्च उरलंय. म्हणजे बाईंचं राहतं घर गेलं, आणि जे दुसऱ्यांसाठी बांधलं ते राहिलं.

गावातलं दुसरं मोठं जुनं हॉटेल, क्लिंटन आर्म्स, मार्केट प्लेसमधलं, तेही आता हॉटेल नाही, खाली दुकानं आहेत. १८३२ मधे बावीस वर्षांचा ग्लॅडस्टन (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो) न्यूअर्कमधून पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याने तिथून भाषण केलं होतं. आता लोक खालून पिशव्या घेऊन जातात, वर बघत नाहीत.

पागोळी

मी एसेक्समधे हॉटेलात काम करते, बारा वर्षं झाली, म्हणून एक मुद्दा. अशी जुनी हॉटेलं हॉटेल म्हणून का टिकत नाहीत याचं एक कारण आग हे आहे, आणि ते सॅफ्रन वॉल्डनमुळे. तेही असंच बाजाराचं गाव, आमच्यापासून जवळ. तिथे मार्केट प्लेसमधे रोझ अँड क्राऊन म्हणून शतकांचं जुनं हॉटेल होतं. १९६९ च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी रात्री आग लागली, ११ माणसं गेली. लाकडी जिने, लाकडी पार्टिशनं, एकातून एक निघणाऱ्या खोल्या. त्यानंतर १९७१ चा आगीचा कायदा आला आणि हॉटेलांना सर्टिफिकेट सक्तीचं झालं. दारं आपोआप बंद होणारी हवीत, जिना धुरापासून वेगळा हवा, दुसरी वाट हवी.

आता विचार करा, ओरियल खिडक्या, लाकडी तुळया, लांब बोळ, आणि यादीत असल्यामुळे भिंतीला हात लावायला परवानगी. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबरच आहेत. मी रोज रात्री फेरी मारताना प्रत्येक फायर डोअर हाताने ढकलून बघते, आणि कुणी दाराला खुर्ची लावून उघडं ठेवलं की मला खरंच राग येतो, कारण मला त्या अकरा जणांची आठवण येते. पण मालकाच्या बाजूने बघितलं तर खर्च डोळे पांढरे करणारा. म्हणून मग खोल्यांचे फ्लॅट होतात आणि खाली रेस्टॉरंट. इमारत वाचते, हॉटेल जातं.

तुळई

पागोळी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे जुन्या इमारतीचा नवीन वापर ठरवताना पहिला प्रश्न जिन्याचाच असतो. दुसरा जिना कुठून काढायचा यावर अख्खी योजना फिरते.

बोरू

सावली, तुमचं उत्तर नीट वाचलं, दोनदा. 'प्रत्येक गोष्ट काहीतरी करते' हे मला पटलं. माझा मूळ आक्षेप थोडा आहे अजून, मला नवीन काळाने नवीन भाषा बोलावी असं वाटतं, पण प्लायवूडशी तुलना मी मागे घेतो. ती चुकीची होती.

आणि त्यांच्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट. संसदेच्या कामकाजाची मला आवड आहे. स्पीकर डेनिसनचा नियम म्हणून आजही सांगतात, की मतं समसमान पडली तर स्पीकरने आपलं निर्णायक मत असं द्यायचं की शक्यतो पुढे चर्चा चालू राहील, आणि बहुमत नसताना नवीन काही लादलं जाणार नाही. १८६७ मधला त्याचा तो निर्णय. हे आत्ता इथे का आठवलं तर बाईंच्या हॉटेलातही मला तोच स्वभाव दिसतो, बंदी नाही, सक्ती नाही, शेजारी दुसरं दार उघडून ठेवलं, येणाऱ्याने यावं.

केतकी_पुणे

बोरू, क्या बात है. हे नवरा-बायकोचं जुळवणं फार आवडलं.

चकली

मला वाचताना सारखं एकच येत होतं मनात. आपण मराठीत 'हॉटेल' कशाला म्हणतो? जिथे चहा मिळतो ते हॉटेल. आमच्या गावाला एसटी स्टँडसमोर 'हॉटेल' होतं त्यात चार बाकडी, एक स्टोव्ह, भजी आणि पेपर, राहायची सोय शून्य. आजोबा बाजारच्या दिवशी बैल बांधून तिथे बसायचे, पेपर एक माणूस मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. या बाईंनी वाचनाची खोली, चहा आणि जनावरं बांधायची सोय असं सगळं एका जागी केलं ना, म्हणजे ते इंग्रजी अर्थाने हॉटेल नंतर झालं असेल, मराठी अर्थाने पहिल्या दिवसापासून होतं. आजोबांना ती जागा लगेच कळली असती.

सावली

चकली, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. पेपर मोठ्याने वाचणारा माणूस त्या कॉफीच्या खोलीतही नक्की असणार.

ज्यांना बघायला जायचंय त्यांच्यासाठी: नॉटिंगहॅम किंवा लिंकनहून येत असाल तर कॅसल स्टेशन, लंडनहून येणाऱ्या गाड्या नॉर्थगेट स्टेशनला थांबतात, तिथूनही चालत जाता येतं. इमारतीच्या अगदी समोर उभं राहू नका, रस्त्यावर गाड्या फार आणि मान वर करूनही छप्पर नीट दिसत नाही. किल्ल्याच्या बागेत शिरा आणि तिथून मागे वळून बघा, म्हणजे खिडक्यांची ओळ, माथे आणि धुराडी एका नजरेत येतात. नंतर मार्केट प्लेसला जाऊन व्हाइट हार्टच्या मूर्ती बघा, आणि जॉन कारने १७७६ मधे बांधलेला टाऊन हॉलही. पण आधी ऑसिंग्टन, मग व्हाइट हार्ट, आणि परत जाताना पुन्हा ऑसिंग्टन, असं करा.

मी येत्या शनिवारी ऊन असेल तर जातेय. तुळई, गिलाव्यावरचं काम जवळून काढून आणते.